अनुभव कॉम्प्युटरमध्ये, फायदा कोणाला?

प्रत्येक ऑफिसात एक तरी बाई किंवा गृहस्थ असे असतात की ते रजेवर गेले की काम अडते. कोणते बिल कुठल्या टेबलावरून परत येते, कोणत्या ग्राहकाशी फोनवर कसे बोलायचे, मागे असाच घोटाळा झाला तेव्हा तो कसा निस्तरला, हे सारे त्यांच्या डोक्यात असते. ते निवृत्त झाले की शाल-श्रीफळाबरोबर हे ज्ञानही घरी जाते आणि मागे राहिलेली नवी मुलगी जुन्या फायली चाळत बसते.

मोठ्या कंपन्यांना हे परवडेनासे झाले, तेव्हा १९९० च्या दशकात ‘नॉलेज मॅनेजमेंट’ हा शब्द रूढ झाला. कल्पना साधीच आहे. ज्याला जे उमगले ते त्याने कॉम्प्युटरवर लिहून ठेवावे आणि गरज पडेल त्याने ते शोधून वापरावे. घरातली पाककृतींची वहीच म्हणा ना! पण या वहीमुळे नोकरदाराचे स्वतःचे काम खरोखरच सुधारते का?

गप्पांतून मिळालेली युक्ती

याबाबतीत झेरॉक्स कंपनीची हकीकत मोठी बोलकी आहे. कॉपी काढण्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना कंपनीने जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर हिंडले, तेव्हा त्यांना आढळले की पुस्तिकेत नसलेला बिघाड आला की ही मंडळी एकमेकांना गाठतात आणि चहा-जेवणाच्या वेळी जुने किस्से सांगता सांगता उपाय शोधून काढतात. वरिष्ठांना ज्या गप्पा वाटत होत्या, तेच खरे काम होते. ऑर यांचे याविषयीचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले.

झेरॉक्सच्या संशोधकांनी मग या युक्त्या साठवणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. कारागिराने युक्ती पाठवायची, जाणकारांनी ती तपासायची आणि मग ती त्याच्या नावानिशी सर्वांना मिळायची. युक्तीमागे रोख बक्षीस द्यावे असाही विचार निघाला होता. कारागिरांना मात्र पैशापेक्षा युक्तीखाली आपले नाव महत्त्वाचे वाटले. आपल्या कामाला आपले नाव लागावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

गुणांचा हव्यास

आपल्याकडे बंगळूरच्या इन्फोसिसने नेमका उलटा अनुभव घेतला. तिथे ‘के-शॉप’ नावाच्या भांडारात लेख टाकणाऱ्याला गुण मिळत आणि त्या गुणांच्या बदल्यात पैसे किंवा भेटवस्तू घेता येत. २००१ मध्ये ही योजना आली आणि लेखांचा पूर आला! संख्या वाढली खरी, पण काही लेख कामाचे कमी आणि गुणांसाठीच जास्त होते. त्या ढिगातून हवे ते शोधण्यात वेळ जाऊ लागला. पुढच्याच वर्षी कंपनीने पैशावरचा भर कमी करून कौतुकावर भर दिला. शाळेत गुणांसाठी पाठांतर करणारी मुले आपण पाहतोच, मोठी माणसे वेगळी कशी असतील?

तयार उत्तर नडते तेव्हा

आणखी एक गोष्ट आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. मार्टीन हास आणि मॉर्टन हॅन्सन या संशोधकांनी एका सल्लागार कंपनीतील १८२ विक्री-गटांचा अभ्यास केला. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की अनुभवी गट कॉम्प्युटरवरील जुनी कागदपत्रे जितकी अधिक वापरत, तितकी त्यांची कंत्राट मिळवण्याची शक्यता कमी होई. पुढे २००७ मध्ये त्यांनीच सांगितले की तयार कागदपत्रांमुळे वेळ वाचतो, पण कामाचा दर्जा वाढत नाही. दर्जा वाढतो तो सहकाऱ्याला प्रत्यक्ष विचारल्याने. त्यात वेळ मात्र वाचत नाही. तेव्हा रोजच्या ठरीव कामासाठी भांडार उघडावे, पण ग्राहकाची अडचण नवी असेल, तर उठून शेजारच्या टेबलाकडे जावे हे बरे.

नव्यांचा लाभ, जुन्यांचा काय?

आता तर भांडार स्वतःच बोलू लागले आहे. एका कंपनीतील ग्राहकांना मदत करणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस देण्यात आला. जुन्या संभाषणांवरून, विशेषतः उत्तम कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून तो शिकला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ताशी सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांचे आणि कमी कौशल्याच्यांचे काम तर ३४ टक्क्यांनी वाढले. सर्वात अनुभवी व तरबेज मंडळींना मात्र फारसा फायदा झाला नाही.

नवी मुलगी चार दिवसांत रुळली, ही आनंदाचीच गोष्ट. पण जिच्या उत्तरांवर ती रुळली, त्या ज्येष्ठ बाईंच्या पदरात काय पडले? आपले गुपित सांगितले तर आपली गरजच उरणार नाही, ही अशा बाईंची भीती केवळ संकुचितपणाची नाही. बढतीच्या वेळी साहेब फक्त तिने स्वतः हातावेगळ्या केलेल्या फायली मोजणार असतील, तर दुपारचा तासभर खर्चून दुसऱ्यांसाठी नोंद लिहायला ती का बसेल?

आपल्या ऑफिसात अशी व्यवस्था येत असेल, तर पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या. नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव राहणार का? आणि ती लिहिण्यात गेलेला वेळ वर्षाअखेरच्या अहवालात कामाचा म्हणून धरला जाणार का?