खाऱ्या पट्ट्यातले गोड्या पाण्याचे किल्ले

अकोल्याचा असदगड, बाळापूरचा भुईकोट आणि सातपुड्यातला नरनाळा हे अकोला जिल्ह्यातले तीन ऐतिहासिक किल्ले. तिन्ही बघायला दोन दिवस हाताशी असावेत. दक्षिणेकडून येणाऱ्याला बार्शीटाकळीपासून निघणे सोयीचे पडते. हे तालुक्याचे गाव अकोला–वाशीम–पूर्णा लोहमार्गावर आहे, अकोल्याहून सुमारे वीस किलोमीटरवर. गावात मोठा किल्ला नाही, पण यादवकाळातले कालंका देवीचे दगडी मंदिर आहे. इथला शिलालेख इ.स. ११७६ चा मानला जातो. पुढे दिसणाऱ्या तिन्ही किल्ल्यांच्या आजच्या तटांपेक्षा हे मंदिर जुने, त्यामुळे ते बघूनच पुढे निघावे.

बार्शीटाकळी सोडून उत्तरेला निघाले की डोंगर मागे राहतात आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन सुरू होते. हाच वऱ्हाडचा पायनघाट. दिसायला जमीन सोन्यासारखी, कापूस आणि तूर भरघोस देणारी. पण पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाण पट्टा पसरलेला आहे. इथल्या पुष्कळ गावांत विहीर खणली तर पाणी लागते, ते तोंडात धरवत नाही. शेकडो फूट खोल गेलेल्या गाळाच्या थरांत क्षार साठलेले असल्याने भूजलच खारे आहे. अशा मुलखात किल्ला बांधणाऱ्यापुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न शत्रूइतकाच मोठा असणार. कोकणातल्या जंजिऱ्याला किंवा भूमध्य समुद्राकाठच्या किल्ल्यांना समुद्राने वेढा दिला, वऱ्हाडात ते काम नद्यांनी आणि तलावांनी केले. हे तीन किल्ले पाण्याच्या अंगाने पाहिले तरच नीट उलगडतात.

असदगड मोर्णा नदीच्या काठी, जुन्या अकोल्यात आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याची अकोला ही जहागीर होती आणि किल्ल्याला नावही त्याचेच. बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्वाजा अब्दुल लतीफ याच्या देखरेखीखाली झाले. किल्ल्यावरच्या फारसी लेखांत असदखानाचे आणि औरंगजेबाचे नाव येते. आगरवेशीवरचा मराठी लेख मात्र हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधल्याचे सांगतो. एवढ्या अंतराचे दोन दावे एकाच तटावर असणे चमत्कारिक वाटते. पण १८४३ चा लेख डागडुजीचा किंवा वेस नव्याने उभारल्याचा असावा असे मानले, तर दोन्ही सुखाने नांदू शकतात.

लोककथा याहून जुनी आहे. अकोलसिंह नावाच्या राजाने इथे सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले. ज्या मातीत ससा कुत्र्यामागे धावतो ती वीरांची माती, असे समजून त्याने तिथे मातीची भिंत घातली. किल्ल्यापासून जवळच असलेल्या राजराजेश्वराच्या मंदिराची कथाही याच अकोलसिंहाच्या राणीभोवती गुंफलेली आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यातली तरुण मंडळे गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी कावडीने आणतात आणि राजराजेश्वराला वाहतात. शेकडो घागरी बांधलेली मोठाली भरणी खांद्यांवर घेऊन अनवाणी पोरे रात्रभर चालतात. सकाळी शहरात शिरताना घागरींतून सांडलेल्या पाण्याने रस्ता ओला झालेला असतो. अकोल्याचे नदीशी काय नाते आहे, हे बघायचे तर या सकाळीच बघावे.

असदगडाचा तट इंग्रजांनी १८७० च्या सुमारास मोठ्या प्रमाणात पाडला. आज बुरुजांचे अवशेष, तटाचे काही तुकडे आणि हवाखाना नावाची वास्तू एवढेच शिल्लक आहे. नक्षीकाम इथे जवळजवळ नाही. शहराच्या पोटात सापडलेल्या या किल्ल्याला तासभर पुरतो. अकोलेकर पितात ते पाणी आता मोर्णेचे नाही, महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि महान बार्शीटाकळी तालुक्यातच आहे.

बाळापूर अकोल्याच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, मुंबई–नागपूरच्या जुन्या महामार्गावर आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंचवट्यावर हा भुईकोट उभा आहे. गावाला नाव मिळाले ते किल्ल्याजवळच्या बाळादेवीवरून. किल्ल्याची खरी ताकद विटांत आहे. उत्तम भाजलेल्या विटांचा आतला उंच कोट, त्याला वेढणारा बाहेरचा ठेंगणा कोट, आणि एकामागोमाग एक असे तीन दरवाजे. शत्रू पहिल्या दरवाजातून आत घुसला तरी दुसऱ्यापुढे त्याला वळसा घ्यावा लागणार आणि तेवढ्या वेळात वरून मारा होणार. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जुन्या वर्णनांप्रमाणे एक बाजू सोडून किल्ल्याला सगळीकडून पाणी लागे. लेबनॉनच्या किनाऱ्यावर सिदोन इथे क्रूसेडरांनी १२२८ मध्ये बांधलेला किल्ला समुद्रातल्या खडकावर आहे आणि त्याला जमिनीशी जोडणारी एक अरुंद वाट तेवढी आहे. बाळापूरला ती अवस्था वर्षातले काही दिवसच येते, पण आखणीमागची अक्कल एकच.

हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि एलिचपूरचे नवाब इस्माईलखान यांनी १७५७ मध्ये पूर्ण केला, असे सांगतात. सुरुवातीचे साल अनेक ठिकाणी १७२१ दिलेले असते. ते आझमशहाशी जुळत नाही, कारण तो १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला. पुढे नेणाऱ्याचे साल आणि पाया घालणाऱ्याचे नाव इथे एकमेकांत मिसळले असावे. या परिसराला मोगलांच्या लेखी मोल होते यात मात्र शंका नाही. अकबराचा मुलगा मुराद याचा मुक्काम बाळापूरजवळ शहापूरला होता. ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला तोही बाळापूरजवळच. हैदराबादच्या निजामशाहीकडे जाणारी वाट या लढाईने मोकळी झाली.

नदीकाठी एक दगडी छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे हेच मिर्झाराजे. दोन वर्षांनी बऱ्हाणपूरला त्यांचा मृत्यू झाला. राजपुती घाटाचे खांब आणि कमानी असलेली ही छत्री पुराच्या पाण्याने खचली होती, नंतर तिची दुरुस्ती झाली. संध्याकाळी कमानीतून नदीचे पात्र बघत बसावे अशी ही जागा आहे, आणि बाळापूरला जाऊन ती न बघता परतणे म्हणजे अर्धे बाळापूर सोडून येणे.

नरनाळ्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा लागतो. अकोल्याहून अकोटला रस्त्याने किंवा २०२२ मध्ये रुंद झालेल्या लोहमार्गाने जाता येते. गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडली जाते. अकोटच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याची भिंत उभी राहते. पायथ्याला पोपटखेडचे धरण आणि मग शहानूर गाव. हा सगळा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. नरनाळा अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे, म्हणजे किल्ला आणि भोवतालचे रान एवढेच. शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच वर जाता येते.

किल्ल्याची उंची नऊशे मीटरहून अधिक. खरे तर हे एकात एक गुंतलेले तीन किल्ले आहेत: मधला नरनाळा, पूर्वेचा जाफराबाद आणि पश्चिमेचा तेलियागड. बहमनी सुलतान अहमदशहा १४२५ च्या सुमारास एलिचपूरला मुक्कामाला असताना त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता लिहितो. दुरुस्ती झाली याचा अर्थ किल्ला आधीपासून होता. पुढे हे दोन्ही गड वऱ्हाडच्या राज्याचे दोन डोळे झाले. ऐन-इ-अकबरीत नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले आहे.

शहानूर आणि मेहंदी हे दरवाजे मागे टाकून महाकाली दरवाजापाशी पोहोचले की पाऊल थांबते. फिकट रंगाच्या वालुकाश्माची ही कमान वऱ्हाडातल्या दगडी कामाचा सर्वांत देखणा नमुना आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना उमललेली कमळे, पुढे आलेले सज्जे, त्यांना आधार देणारी नाजूक कोरीव घोडी आणि वर अक्षरांच्या पट्ट्या. काळ्या पाषाणाच्या मुलखात हा उजळ दगड लांबूनही नजरेत भरतो. सकाळच्या तिरप्या उन्हात कमळाच्या पाकळीची कडा बोटाने चाचपावी इतकी धारदार दिसते. हा दरवाजा फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ मध्ये बांधला. लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आदराने घेतले आहे. तीनच वर्षांनी फतेहउल्ला स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. धन्याचे नाव कोरून घेतले तेव्हा त्याच्या मनात काय होते, याचा विचार या कमानीखाली उभे राहिल्यावर सुचल्यावाचून राहत नाही.

इमादशाहीचा शेवटही इथेच झाला. बाल राजा बुऱ्हाण याला बाजूला सारून कारभार बळकावलेला तुफालखान अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहापुढे माघार घेत नरनाळ्याच्या आश्रयाला आला. १५७४ मध्ये गड पडला आणि वऱ्हाड निजामशाहीत गेले. पुढे मोगल, मग नागपूरकर भोसले. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला आणि डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड तोफांनी फोडला. देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, पण नरनाळा आणि गाविलगड तेव्हा भोसल्यांकडेच राहिले.

माथ्यावर राणीमहालाच्या कमानी आहेत आणि दरीच्या तोंडाशी नऊगजी तोफ. पण नरनाळ्याचे मर्म त्याच्या पाण्यात आहे. गडावर बावीस तलाव असल्याचे सांगतात. उतारावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवले आणि ते भरून वाहू लागले की खालच्या तळ्याला द्यायचे, अशी ही रचना. त्यांतला सक्कर तलाव मोठा आणि बारमाही. शेजारी दगडात बांधलेली, आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेली खोल टाकी आहेत. त्यांना लोक तेला-तुपाची टाकी म्हणतात. जुन्या अभ्यासकांना ती जैनांनी बांधलेली पाण्याची टाकी वाटली आणि घडण पाहता पाण्याचाच अंदाज जवळचा वाटतो.

गडाच्या दक्षिण कड्यावर आले की खोल खाली पायनघाट पसरलेला दिसतो: अकोटची शेते, पूर्णेची रेघ आणि त्यापलीकडे धुक्यात विरलेली अकोल्याची बाजू. खाली विहिरींना खारे पाणी आणि वर, कड्याच्या माथ्यावर, साखरेच्या नावाचा तलाव.

हिवाळा हा जाण्याचा चांगला काळ. पावसाळ्यात रान हिरवेगार असते, पण वाटा निसरड्या होतात. वर खायला काही मिळत नाही, शिदोरी आणि प्यायचे पाणी अकोटहूनच घ्यावे. जंगलात एकट्याने आडवाटेला जाऊ नये, इथे अस्वले आहेत आणि वाघही. दिवस मावळायच्या आत शहानूरचा नाका ओलांडून खाली उतरावे लागते.