उसातला बिबट्या आणि शाळकरी पोर

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत कालव्यांचे पाणी पोहोचले आणि त्यामागोमाग उसाचे फड उभे राहिले, तेव्हा वर्षभर दाट आणि बहुधा निर्मनुष्य असणारे हे पीक बिबट्याच्या मादीला रानाइतकेच मानवेल, याचा विचार ना पाटबंधारे खात्याने केला, ना साखर कारखान्यांनी. आता कित्येक बिबट्यांचे जन्मस्थानच ऊस झाले आहे. २००१ पासून त्यांना धरून दूरच्या जंगलांत सोडण्याची तजवीज झाली, तेव्हा जुन्नर भागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. आणि २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईपाशी पोहोचला. हद्दपारीचे फर्मान या जनावराला लागू होत नाही, हे एकदा मान्य केले की मुलांना काय शिकवावे हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

बिबट्याचे चित्र रंगवून घेणे आणि घोषणा पाठ करून घेणे यांनी बिबट्याचे काडीचेही हित होत नाही. एखादे पोर जखमी झाले की गावाचा क्षोभ उसळतो आणि पिंजरा लागतो; म्हणून मुलाने स्वतःला जपणे हेच त्या जनावराला जपणे होय. दिवेलागणीनंतर एकट्याने बांधावरून जाऊ नये, चौघांनी मोठ्याने गप्पा मारीत, बॅटरी घेऊन जावे. फडाच्या कडेला उकिडवे बसू नये, कारण बसलेली आकृती त्याला लहान सावजासारखी भासते. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. तेव्हा कुत्री जमू नयेत म्हणून शाळेतली उरलेली खिचडी कुंपणाबाहेर न भिरकावता खड्ड्यात पुरणे आणि घरचा कुत्रा रात्री बंदिस्त ठेवणे, ही दिसायला क्षुल्लक कामे खरी मोलाची आहेत.

सर्वांत अवघड धडा बछड्यांचा. तोडणीच्या वेळी सरीत मांजरीएवढी पिले सापडतात, आणि उचलून घेण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, मग मुलांची काय कथा! पिलांना हात न लावता वडीलधाऱ्यांना सांगावे, त्यांनी वनखात्याला १९२६ वर कळवावे. खात्याची माणसे पिलांना तपासून संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात आणि माणसांना दूर हटवतात. पुष्कळदा रात्रीतून मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. मोबाईल घेऊन घुटमळणारी गर्दी मात्र ही भेट हमखास मोडते.

परंतु हे धडे जिल्हा परिषदेच्या वर्गात दिले जातात, आणि ज्यांना त्यांची निकड सर्वाधिक, ती बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची मुले पुष्कळदा त्या वर्गात नसतातच. ती फडाला लागून असलेल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दाराऐवजी फडका लावून, झोपतात. त्यांच्यासाठी मास्तरांनी आणि वनरक्षकाने मुकादमाला गाठून, टोळी उतरल्याच्या पहिल्याच संध्याकाळी, कोपीपाशी जाऊन बसले पाहिजे.