पांडवलेणी : दात्यांची नावं भिंतीवरच आहेत

मुंबईहून महामार्गाने नाशिकला येताना त्रिरश्मी डोंगर लागतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, वर पायऱ्या चढून गेलं की पांडवलेणी. या लेण्यांबद्दलच्या बहुतेक समजुतींना तिथल्या भिंतीच उत्तर देतात.

गैरसमज : वनवासात पांडवांनी ही लेणी कोरली.
वस्तुस्थिती : ही बौद्ध भिक्खूंची वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाची ठिकाणं. 19 व्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याचं नाव आहे. म्हणजे खोदकाम इसवी सनापूर्वीच सुरू झालं आणि पुढे काही शतकं टप्प्याटप्प्याने चाललं. गंमत म्हणजे अर्जुन आणि भीमसेन इथल्या लेखात खरोखरच आहेत. पण 3 ऱ्या लेण्यात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाला उपमा म्हणून!

गैरसमज : लेणी बौद्ध, म्हणजे ती देणारे राजेही बौद्धच.
वस्तुस्थिती : 3 रं लेणं भिक्खुसंघाला दिलं ते गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षी. त्याच लेखात ती मुलाला ‘एकब्राह्मण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून गौरवते. 10 व्या लेण्याचा दाता उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. 3 लाख गायींचं दान आणि ब्राह्मणांना दिलेली दानं तोही अभिमानाने नोंदवतो.

गैरसमज : लेणं कोरून दिलं की दात्याचं काम संपलं.
वस्तुस्थिती : उषवदाताने भिक्खूंच्या खर्चाचीही सोय लावली. त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा 1 व्याज, म्हणजे वर्षाला 240. ते 20 भिक्खूंच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो. उरलेल्या 1000 वर दरमहा शेकडा पाऊण. ती रक्कम किरकोळ खर्चासाठी.

गैरसमज : असं दान राजघराण्यांनाच परवडायचं.
वस्तुस्थिती : 17 वं लेणं इंद्राग्निदत्त या यवनाने (ग्रीकाने) दिलं. 18 व्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या (प्रार्थनागृहाच्या) दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. एक लेणं मुगुदासाने कुटुंबासह दिलं आणि तो कोळी होता, असं अभ्यासक त्या लेखावरून सांगतात. राजमातेचा लेख लांबलचक आणि मुगुदासाचा जेमतेम ओळभर असला, तरी दाता म्हणून दोघांचीही नावं एकाच डोंगरावर कोरलेली आहेत.