उकाड्याला न घाबरणारी बाटली

परदेशातून निघताना स्वेटरच्या घडीत गुंडाळून बॅगेत ठेवलेली वाइनची बाटली दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून घरी येते. विमानाच्या पत्र्याबाहेर तेव्हा उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते आणि हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चौथाईइतका उरलेला असतो. तरीही काचेची ती वस्तू मुंबईच्या सामानाच्या पट्ट्यावर सहीसलामत उतरते. याचं श्रेय आपण नशिबाला देऊन मोकळे होतो, पण त्यात मोठा वाटा एका झाडाच्या सालीचा असतो. आणि त्या बाटलीचा खरा शत्रू आकाशात भेटतच नाही. तो विमानतळाच्या दाराबाहेर, आपल्या उन्हात असतो.

सामान ठेवतात त्या विमानाच्या पोटात दाब नसतो, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांमध्येही पक्की आहे. ती चूक आहे. प्रवासी विमानात वर बसलेली माणसं आणि खाली रचलेल्या बॅगा एकाच दाबाखाली असतात. हा दाब फार तर २,४०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर असेल तितका उतरतो. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तिच्या जेमतेम दीडपट उंचीवरची हवा. हिशेब केला तर बाटलीतल्या हवेचा बुचावर येणारा जादा रेटा पाव वातावरणाएवढा, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या चौथाईइतका, भरतो. शॅम्पेनची बाटली पाच ते सहा वातावरणांचा दाब पोटात घेऊन तळघरात वर्षानुवर्षं पडून असते. तिला हे पाव वातावरण जाणवतही नाही, आणि साध्या वाइनचं घट्ट बूचही त्याला दाद देत नाही. थंडीचंही तेच. वाइन गोठायला उणे पाच-सहा अंश लागतात आणि सामानाचा कप्पा सहसा तिथवर गारठत नाही. प्रवासात बाटली फुटते ती आदळआपटीने. म्हणून तिला बॅगेच्या कडेला न ठेवता मधोमध, चहूबाजूंनी कपडे येतील अशी ठेवायची, एवढं पुरतं.

त्या बुचाची गोष्ट मात्र मोठी आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची ती साल. जगातलं सुमारे निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. (पावसाळा सरताना आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या, लांब देठाच्या सुवासिक फुलांचा सडा घालणारं बुचाचं झाड निराळं, त्याचं या ओकशी नातं नाही.) झाड पंचवीसेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल सोलतात. ती ओबडधोबड निघते, बाटलीला चालत नाही. मग नऊ वर्षं थांबायचं. दुसरी सालही चालत नाही. पुन्हा नऊ वर्षं. बाटलीच्या लायकीचं पहिलं बूच मिळेपर्यंत झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. लावणाऱ्याच्या हयातीत ते मिळेलच असं नाही, तरी माणसं ही झाडं लावत आली आहेत. कसबी कामगार कुऱ्हाडीच्या पात्याने साल अशी उकलतात की आतल्या जिवंत थराला इजा होत नाही. झाड उभंच राहतं, पुन्हा साल धरतं आणि दीड-दोनशे वर्षं हे चालू राहतं. सोललेल्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने एकच आकडा लिहितात, त्या वर्षाचा शेवटचा अंक. पुढच्या खेपेला या झाडापाशी कधी यायचं, हे त्या आकड्यावरून कळतं.

१६६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या बुचाच्या पातळ चकतीचं वर्णन केलं. तिच्यात त्याला चिमुकल्या बंद खोल्या दिसल्या होत्या, आणि त्यांनाच त्याने ‘सेल’ म्हटलं. जीवशास्त्रातली पेशी माणसाला पहिल्यांदा भेटली ती अशी, बाटलीच्या बुचात! आज आपल्याला ठाऊक आहे की एका घन सेंटिमीटर बुचात अशा सुमारे चार कोटी पेशी असतात आणि त्या हवेने भरलेल्या असतात. म्हणून २४ मिलिमीटर जाडीचं बूच साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात दाबून बसवता येतं, आणि ते फुगू पाहत काचेला सतत रेटून धरतं. वाइन त्याच्या कडेने बाहेर येत नाही. प्राणवायू मात्र वर्षाकाठी मिलिग्रॅमच्या आसपास आत शिरतो, आणि तेवढ्यावर वाइन हळूहळू पिकत राहते.

प्रवासाच्या बॅगेतून गेलेल्या वाइनने एकदा साऱ्या जगाचं मत बदललं आहे. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणारे इंग्रज गृहस्थ स्टीव्हन स्परियर यांनी २४ मे १९७६ रोजी फ्रेंच जाणकारांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स नाव झाकून ठेवल्या. कॅलिफोर्नियाच्या बाटल्या आल्या होत्या फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची सहल करायला निघालेल्या एका अमेरिकन पर्यटकांच्या गटाच्या सामानातून. विमान, सामानाची चढउतार, सगळं सोसून त्या परीक्षकांच्या प्याल्यात पोचल्या. पांढऱ्या वाइनमध्ये शातो मॉन्टेलेना आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ सालच्या, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या. उत्तम वाइन फक्त फ्रान्सच करू शकतो हा समज त्या दुपारी संपला. पुढे त्या दोन वाइन्सच्या बाटल्यांना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जागा मिळाली.

तर मग वाइन बिघडते कुठे? उकाड्यात. द्रव तापला की फुगतो, आणि भरलेल्या बाटलीत फुगायला जागा फार थोडी असते. ७५० मिलिलिटर वाइन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तर तिचं आकारमान पाच मिलिलिटरच्या आसपास वाढतं. चहाचा एक छोटा चमचा. पण बाटलीचा गळा इतका अरुंद असतो की तेवढ्याने पातळी जवळपास दोन सेंटिमीटर वर चढते. बुचाखालची पोकळी साधारण तेवढीच असते. ती भरली की वाइन थेट बुचालाच ढकलू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तापमान चाळीसच्या पुष्कळ पुढे जातं. तिथे तासभर राहिलेल्या बाटलीचं बूच किंचित वर आलेलं दिसलं, कडेला चिकट ओघळ दिसला, तर समजावं की तिने नऊ तासांचं उड्डाण सोसलं आणि घरापर्यंतची शेवटची वाट तिला सोसली नाही. गार झाल्यावर वाइन आक्रसते, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि जो प्राणवायू मिलिग्रॅमने यायचा तो घोटाघोटाने येतो. फळांचा ताजा गंध जाऊन शिजवलेल्या जॅमसारखा वास उरतो. आणखी एक गोष्ट. युरोपात लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, तेव्हा ती खोली १६ ते १८ अंशांची असते. आपली खोली तीसची. तिथे आवडलेली वाइन इथे निराश करते याचं निम्मं कारण हेच. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पाहा.

नियम थोडक्यात. बहुतेक विमानतळांवर हॅन्ड बॅगेजमध्ये १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून जगभर हे बंधन आलं. ड्युटी फ्रीमधली बाटली मोहोरबंद पिशवीत नेता येते, पण वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथल्या तपासणीत ती अडू शकते. चेक-इनची बॅगच बरी. मद्यार्काचं प्रमाण २४ टक्क्यांपर्यंत असेल तर विमान-सुरक्षेच्या नियमांत ती बाटली धोकादायक वस्तू धरत नाहीत, आणि वाइन त्याच्या आतच असते. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य सीमाशुल्काविना आणता येतं. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन. ती जाहीर करून शुल्क भरायचं. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तोही काढून ठेवावा.

आता त्या एका वाइनकडे येतो, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. अटलांटिकमधल्या मदेरा या पोर्तुगीज बेटाची वाइन. आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे निघणाऱ्या जहाजांच्या वाटेवर हे बेट लागतं. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानकडे निघालेली जहाजं बेटावरच्या फुंशाल बंदरात थांबून वाइनची पिंपं भरून घेत. लांबच्या प्रवासात आंबू नये म्हणून त्या वाइनमध्ये कडक अर्क मिसळू लागले. जहाजाच्या तळाशी, विषुववृत्तावरच्या उकाड्यात, लाटांवर हिंदकळत ही पिंपं महिनोन्महिने तापत. दुसरी कोणतीही वाइन अशाने वाया गेली असती. पण काही पिंपं न विकता तशीच परत आली, ती उघडली, आणि बेटावरच्या लोकांच्या लक्षात आलं की वाइन सुधारली आहे! मग त्यांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. त्यांनी पिंपं मुद्दाम हिंदुस्थानपर्यंत पाठवून परत आणायला सुरुवात केली. माल विकायचा नव्हता. विषुववृत्त चारदा ओलांडून, उकाडा खाऊन तो घरी यायला हवा होता. अशा वाइनला किंमतही जास्त मिळे.

हा प्रवास परवडेना तेव्हा त्यांनी उकाडाच बेटावर तयार केला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे वाइन तापवण्याची पद्धत आहे. आजच्या नियमाप्रमाणे ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. उंची प्रकारची पिंपं उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर ठेवतात आणि सर्वांत वरच्या दर्जाला लाकडात किमान वीस वर्षं काढावी लागतात. उष्णता आणि हवा या वाइनच्या दोन्ही वैऱ्यांना तिथे कामाला लावलं आहे. त्या मुरण्यात सोटोलॉन नावाचं एक संयुग वाढत जातं. मेथीदाण्याला त्याचा ओळखीचा वास येतो तो याच सोटोलॉनमुळे. आपल्या फोडणीच्या डब्यातला गंधरेणू अटलांटिकमधल्या लाकडी पिंपात आपोआप तयार होतो, ही गोष्ट मला कितीदा आठवली तरी जुनी होत नाही.

म्हणून पोर्तुगालला जाणाऱ्या आणि वाइन घेणाऱ्या वाचकाला माझं सांगणं आहे: दोन बाटल्यांपैकी एक मदेरा आणा. तिच्यात मद्यार्क १७ ते २२ टक्के, आंबटपणा भरपूर, आणि जे बिघडायचं ते आधीच मुद्दाम बिघडवून झालेलं. आपल्या उन्हाळ्याने तिचं फारसं काही होत नाही. गोड हवी असेल तर माल्व्हाझिया, कोरडी हवी असेल तर सेर्सियल निवडा. साधी वाइन उघडल्यावर तीन-चार दिवसांत उतरते, मदेरा महिनोन्महिने टिकते. फक्त तिची बाटली आडवी न ठेवता उभी ठेवा.