फिरत्या दांड्याचा आधार

वंगण संपलेली बैलगाडी रस्त्याने जाऊ लागली, म्हणजे तिची कुरकुर दुरूनही ऐकू येते. चाकाचा तुंबा आखावर घासत असतो आणि त्या घर्षणाने दोन्ही झिजत असतात. गाडीवान आखाला वंगण घालतो, तेव्हा कुरकुर थांबते आणि बैलांचे श्रमही हलके होतात.

यंत्रात बहुधा याच्या उलट रचना असते. तेथे चाक दांड्यावर पक्के बसवलेले असते व दांडाच फिरतो. हा दांडा ज्या भागात टेकून फिरतो, त्याला धारवा म्हणतात. कारखान्यात त्यालाच बेअरिंग हे नाव आहे. दांड्याचा भार पेलणे, त्याला जागेवरून ढळू न देणे आणि घर्षण कमी करणे, ही धारव्याची तीन कामे होत.

सर्वांत साधा धारवा म्हणजे धातूची एक नळी. ती काशासारख्या, दांड्याच्या पोलादापेक्षा मऊ धातूची करतात. कारण झीज व्हायचीच असेल, तर ती दांड्याची न होता सहज बदलता येणाऱ्या नळीची व्हावी. दांडा वेगाने फिरू लागला, की तो आपल्याबरोबर तेल ओढून घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर जणू तरंगू लागतो. असा धारवा आवाज न करता मोठा भार पेलतो. मात्र यंत्र सुरू होताना व थांबताना हा थर पुरेसा नसतो. त्या वेळी झीज होते.

जड ओंडका ओढत नेण्यास जे बळ लागते, त्याहून तो गडगडत नेण्यास पुष्कळच कमी लागते. याच तत्त्वावर छर्ऱ्यांचा धारवा बनला. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाड्यांच्या आखासाठी अशा धारव्याचे पेटंट घेतले. सायकलच्या चाकातही असे छर्रे असतात. छर्रा कड्याला जवळजवळ एका बिंदूत टेकतो. म्हणून तो हलका फिरतो, पण फार मोठा भार त्याला सोसत नाही. छर्ऱ्यांऐवजी लाटण्यासारखे लांबट रोलर घातले, तर भार रेषेवर पसरतो. म्हणून आगगाडीच्या डब्यांना रोलरचे धारवे बसवतात.

तथापि चांगला धारवाही अयोग्य जागी टिकत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत हा अनुभव आला. ती गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन थोडी थोडी खचे आणि यंत्रांना गती देणारे लांब दांडे सरळ रेषेत राहत नसत. मग भार थोड्याच छर्ऱ्यांवर पडे, धारवे निकामी होत आणि काम खोळंबे. तसेच नवे धारवे बसवून उपयोग नव्हता. तेथील अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ मध्ये छर्ऱ्यांच्या दोन ओळींचा धारवा तयार केला. त्याच्या बाहेरच्या कड्याची आतली बाजू गोलाच्या आतल्या बाजूसारखी खोलगट होती. त्यामुळे दांडा किंचित कलला, तरी आतले कडे छर्ऱ्यांसह कलू शके. जमीन स्थिर करणे त्याच्या हाती नव्हते. ती हलणार, हे धरूनच त्याने आधार घडवला.

भाराची दिशाही पाहावी लागते. जलविद्युत्केंद्रातील उभ्या दांड्याचा प्रचंड भार खाली येतो. त्यासाठी अमेरिकेतील अल्बर्ट किंग्जबरी याने किंचित कलणाऱ्या पट्ट्यांचा धारवा रचला. १९१२ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील होल्टवूड येथील केंद्रात बसवण्यात आला. त्यात फिरती चकती व पट्ट्या यांच्यामध्ये तेल पाचरीसारखे शिरते आणि तेच सारा भार उचलून धरते.

म्हणून धारवा निवडण्यापूर्वी जाणता यंत्रज्ञ काही प्रश्न विचारतो. भार किती आहे? तो दांड्यावर आडवा येतो, की दांड्याच्या लांबीच्या दिशेने? वेग किती? दांडा सरळ राहील काय? वंगण वेळेवर मिळेल काय? धूळ आणि पाणी दूर ठेवता येईल काय? या प्रश्नांच्या उत्तरांवरून धारवा ठरतो. केवळ किमतीवरून नव्हे. सायकलला जो शोभतो, तो आगगाडीला चालत नाही. निवड योग्य झाली आणि निगा नीट राहिली, म्हणजे दांडा वर्षानुवर्षे कुरकुर न करता फिरत राहतो.