युनियन ट्रकवाल्यांची, ड्रायव्हर कुणाचा?

"ट्रकवाल्यांना कोण हात लावणार? त्यांची युनियन जबरी आहे. दोन दिवस चक्काजाम केला की दिल्ली हलते." संपाच्या दिवसांत पेट्रोलपंपाच्या रांगेत हे ऐकायला मिळणारच. शिकलीसवरली माणसंही तेच छापून मोकळी होतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. कारण पुढचा सगळा वाद याच समजुतीवर उभा राहतो: ड्रायव्हरने युनियनच्या आधाराने नोकरी करावी, की कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यावी? वाद रंगतो, बाजू घेतल्या जातात. जिच्या भरवशावर हे चाललंय ती युनियन ड्रायव्हरची आहे का, हे कुणी तपासत नाही.

बहुतेक ठिकाणी ती त्याची नसते. ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस ही १९३६ पासूनची मोठी संघटना वाहतूकदारांची, म्हणजे मालकांची आहे. जुलै २०१८ मध्ये तिने आठ दिवस देशभर संप केला. डिझेल जीएसटीत आणा, टोलनाके हटवा, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आवरा, टीडीएस काढा, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. त्या रास्त की अवाजवी, हा वेगळा विषय. पण चारही मागण्या गाडीच्या खर्चाच्या आणि मालकाच्या हिशोबाच्या आहेत. स्टिअरिंगमागच्या माणसाचा पगार, सुट्टी, फंड यांतलं काहीही त्यांत नाही.

यात कुणी लबाडी करतंय असंही नाही. १९२६ च्या, आता श्रमसंहितेत गेलेल्या, ट्रेड युनियन कायद्याच्या व्याख्येत कामगार आणि मालक यांच्यातले संबंध येतात, तसे मालका-मालकांतले संबंधही येतात. त्यामुळे मालकांची संघटनाही रीतसर युनियन ठरू शकते. तिने ट्रक थांबवले की बातमी येते 'ट्रकचालकांचा संप', आणि वाचणारा समजतो की ड्रायव्हर पेटून उठले.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर खरोखरच पेटले होते. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) त्यांच्या मुळावर आलं होतं. बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. तुरुंगात जाणार ड्रायव्हर, रस्त्यावर उतरले ड्रायव्हर. पण २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांसमोर बोलणी झाली ती मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी. या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय कलम लागू करणार नाही, असं आश्वासन मिळालं आणि संप मिटला. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. फायदा ड्रायव्हरचा झाला हे कबूल. तरी त्याच्या गळ्याशी आलेल्या प्रश्नावर त्याच्या वतीने बोलायला मालकांची संघटना बसली, कारण त्याची स्वतःची, देशभर मान्य असलेली संघटना तिथे नव्हती.

हिमाचलचं उदाहरण तर हमखास तोंडावर फेकलं जातं. "बघा, युनियनने अदानींना झुकवलं!" अदानी समूहाचे बरमाणा आणि दाडलाघाटचे सिमेंट कारखाने डिसेंबर २०२२ च्या मध्यावर बंद झाले आणि ६७ दिवसांनी, २० फेब्रुवारी २०२३ ला, तोडगा निघाला. भांडण होतं टनामागे किलोमीटरला किती भाडं, याचं. शेवटी सिंगल ॲक्सलला १० रुपये ३० पैसे आणि मल्टी ॲक्सलला ९ रुपये ३० पैसे ठरले, म्हणजे आधीपेक्षा कमी. झुकलं कोण, ते ज्याने त्याने ठरवावं. हे ट्रक ऑपरेटर होते, गाड्यांचे मालक. त्यांतल्या अनेकांची जमीन कारखान्यात गेलेली, त्यांचं भांडण खरं होतं. पण त्यांच्या गाडीवर महिन्याने ठेवलेल्या ड्रायव्हरच्या पगाराचा आकडा त्या टेबलावर नव्हता. पंजाबात २०१७ मध्ये सरकारने ट्रक युनियनांच्या मक्तेदारीविरुद्ध नियम केले, तेव्हाही वाद मालकांचा आणि कारखानदारांचाच होता.

ड्रायव्हरच्या खिशात काय होतं ते बघायचं तर एका ट्रिपचा हिशोब बघावा. समजा, कळंबोलीहून लोखंड भरून गाडी इंदूरला निघाली. मालकाने ट्रिपचे पैसे ठरवून हातावर टेकवले. त्यात खुराकी आली, नाक्यावरची 'एंट्री' आली, टायर पंक्चर झाला तर ते आलं, माल उतरवताना मागतील ती वाराई आली. उरेल ते ड्रायव्हरचं. इंदूरला पार्टीचं गोदाम भरलेलं, गाडी दोन दिवस उभी. हॉल्टिंग मिळालंच तर ते मालकाच्या खात्यात जातं. ड्रायव्हरची दोन दिवसांची खुराकी त्याच ठरलेल्या पैशांतून जाते. माल कमी भरला तर कापतात, ताडपत्री फाटली तर कापतात. मालकाच्या संघटनेने भाडं वाढवून घेतलं म्हणून या हिशोबातली एक ओळही आपोआप बदलत नाही.

मग स्वतःची गाडी घ्यावी, मोकळं व्हावं, हा दुसरा आवडता सल्ला. मोकळेपणाची माझी व्याख्या साधी आहे: परवडत नाही तो माल 'नको' म्हणता आला पाहिजे. हप्ता डोक्यावर असलेल्याला ते जमत नाही. कारखान्याशी करार मोठ्या ट्रान्सपोर्टरचा असतो. तो आपलं काढून घेऊन काम दलालाकडे देतो, दलाल आपलं काढून ते एका गाडीवाल्याकडे देतो. परतीचा माल मिळेना म्हणून गाडी चार दिवस उभी राहिली, की डिझेलपुरत्या भाड्यालाही माणूस हो म्हणतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातले तीन चतुर्थांशांच्या आसपास ट्रकमालक पाच किंवा त्याहून कमी गाड्यांचे आहेत. एवढे सगळे एकमेकांशी भाडं पाडण्याची शर्यत लावून बसलेत. अशा एका गाडीच्या मालक-चालकाला मात्र ऑपरेटर युनियनचा खरा उपयोग होतो, भाड्याला तळ मिळतो. बरमाणातलं भांडण ज्यांच्यासाठी होतं ते असेच. पगारी ड्रायव्हरचं दुखणं वेगळं आहे, त्याला हे औषध लागू पडत नाही.

मग ड्रायव्हरची स्वतःची संघटना का नाही? इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे, "ड्रायव्हरचा मालक रोज बदलतो, हजार ठिकाणी विखुरलेली माणसं, त्यांची संघटना होणारच कशी?" महाराष्ट्रात राहून हे म्हणावं याची कमाल वाटते. हमालाचा तरी एक मालक कुठे होता? अण्णासाहेब पाटलांनी नेमक्या अशाच माणसांना एकत्र आणलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ टोळीतल्या माणसाला पैसे देतं. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. दहा शेठजींकडे काम केलं तरी खातं एकच. आता वाशीच्या बाजारात एखादी गाडी उतरताना बघा. पाठीवर पोतं घेणाऱ्याच्या मागे मंडळ आहे. तेच पोतं बाराशे किलोमीटर आणणाऱ्याच्या मागे काही नाही. उलट उतराईची वाराई अनेकदा त्याच्याकडूनच घेतली जाते. वाहतूकदार 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून ओरडतात ते यासाठीच. एका कामगाराच्या हक्काचा भार दुसऱ्यावर टाकण्याची ही रीत मला अजिबात पटत नाही.

केरळने वेगळी वाट काढली. तिथे मोटार कामगारांचा कल्याणनिधी १९८५ च्या कायद्याने झाला. मालक पैसे भरेना, तेव्हा त्याची गाठ वाहनकराशी बांधली: निधीची थकबाकी भरल्याशिवाय कर स्वीकारायचा नाही. मालक कोर्टात गेले, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. नुसती घोषणा देणारी युनियन आणि पैसे वसूल करणारी यंत्रणा, यांत फरक पडतो तो इथे.

आता उरलेल्या समजुती, एकेका दमात.

"हिट अँड रनला सात लाख दंड आहे." कलम १०६(२) मध्ये दंडाचा आकडाच नाही. सात लाख मोबाइलवरून आले.

"लांबपल्ल्याला तासांचा नियम नसतो." मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांबपल्ल्याला परवानगी घेऊनही दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ च्या वर नव्हते. हा कायदा आता श्रमसंहितेत सामावला असला तरी आठ तासांचं माप तसंच आहे.

"गाडीच्या विम्यात १५ लाखांचं अपघात कवच आहे, ड्रायव्हर त्यात आलाच." ते कवच मालक-चालकाचं. पगारी ड्रायव्हरची भरपाई १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या वाटेने येते, तो कायदाही आता संहितेत गेला आहे. रक्कम वय आणि पगारावर ठरते, म्हणून पगाराचा पुरावा जवळ हवा.

"युनियनशिवाय काहीच मिळत नाही." २०२५ मध्ये नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ती केंद्राच्या अधिसूचनेने.

आणि शेवटची, माझ्या खास रागाची: "ड्रायव्हर मिळत नाहीत, हल्लीची पोरं आळशी." सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ड्रायव्हर दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवत होते. घरातल्या किंवा नात्यातल्या कुणाला या धंद्यात या असं सांगणार नाही, असं त्यांतल्या ८४ टक्क्यांनी सांगितलं. पोरांनी बापाचं ऐकलं, इतकंच.