तळटीप कुणासाठी?

मेढा आणि जावळी खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवरची आपली मुले-मुली आता एम. ए., पीएच. डी.पर्यंत पोचली आहेत. त्यांचे शोधनिबंध वाचण्याचे काम माझ्याकडे येते, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : अवतरणचिन्हे, तळटिपा, ऱ्हस्व-दीर्घ हा सारा प्रस्थापितांचा सोवळेपणा नव्हे काय? तो आपण का पाळावा?

प्रश्न रास्त आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही टिंगल केली. शुद्धलेखनाचे हत्यार आपल्यावर चालले आहे. पण म्हणून सगळेच संकेत एका मापाने मोजता येत नाहीत. काही संकेत प्रतिष्ठेचे असतात, काही जबाबदारीचे. तळटीप ही दुसऱ्या जातकुळीतली. 'मी म्हणतो म्हणून माना' असे न म्हणता 'तुम्हीच तपासून पाहा' असे ती वाचकाला सांगते. पोथीप्रामाण्य नाकारणाऱ्यांना याहून जवळचा संकेत कोणता?

1900 साली सातारच्या शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीविषयीच्या व्याख्या त्यांनी नावानिशी मांडल्या आणि मगच एकेकीची उणीव दाखवली. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी चोख नोंदवल्याने खंडनाला बळ येते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. निबंधात असे वाक्य सर्रास आढळते : 'पूर्वी वतनामुळे महारांकडून पुष्कळ कामे करून घेतली जात, असे म्हणतात.' करून घेतली कुणी? म्हणते कोण? कर्मणी प्रयोगात राबवणारा दडला आणि 'असे म्हणतात' यात सांगणारी म्हातारी पुसली गेली. त्याऐवजी कोणत्या गावात, कुणी, कोणते काम लावले ते कर्तरी प्रयोगात लिहावे : सांगावा पोचवणे, शीव राखणे, साऱ्याची रक्कम तालुक्याला नेताना सोबत जाणे. खाली टिपेत सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय, गाव आणि मुलाखतीची तारीख द्यावी. नावासाठी तिची संमती घ्यावी. नाव दिल्याने तिला त्रास होणार असेल तर ते गाळावे, पण गाळल्याचे नमूद करावे. ती 'वतन गेलं तवा' म्हणाली, तर कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा 1958 चा मुंबई कायदा शेजारी नोंदवावा. तोंडी साक्ष आणि कागद एकमेकांना आधार देतात.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 18 आहेत : 1962 चे 14 आणि 1972 चे 4. विवेचनात 'केले' लिहावे असे सांगणारे हेच नियम संभाषणात 'केलं' चालवून घेतात. तेव्हा आपले विवेचन प्रमाणभाषेत असावे. आजीचे बोलणे मात्र अवतरणचिन्हांत, तिच्या तोंडून आले तसेच ठेवावे. तिच्या 'व्हतं'चे 'होते' करणे म्हणजे साक्ष बदलणे होय. अनोळखी शब्दाचा अर्थ टिपेत द्यावा.

ऱ्हस्व-दीर्घ चुकल्याने विचार खोटा ठरत नाही, ती चूक मुद्रितशोधनात निघते. पुरावा नोंदवला नाही, तर मात्र खरी गोष्टही ऐकीव ठरते. आपला बराचसा इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे थकत चालली आहेत. मार्गदर्शक शिक्षकांनी विद्यार्थ्याला संदर्भ नोंदवायला शिकवावे ते पहिल्या मुलाखतीआधी. प्रबंध टंकून झाल्यावर नव्हे.